अणुभट्टीची राख आणि जुळ्या धातूंची ताटातूट

चुलींतल्या राखेचें काय करावें, हा प्रश्न आमच्या आजीपणजींस कधीं पडला नाहीं. त्या राखेनें भांडीं घासलीं जात, परसांतल्या अळवाला व केळीला ती घातली जाई, साठवणीच्या धान्यास कीड लागूं नये म्हणून ती त्यांत मिसळीत, आणि उरलीसुरली उकिरड्यावर जाऊन तिचें खत होई. अग्नि विझला कीं त्याचें भय संपलें, असा मनुष्यजातीचा हजारों वर्षांचा अनुभव. विसाव्या शतकांत मात्र मनुष्यानें अशी एक चूल पेटविली कीं, जिची राख प्रत्यक्ष जाळाहूनही अधिक जपावी लागते. ती चूल म्हणजे अणुभट्टी. ही कांहीं दूरदेशची वार्ता नव्हे. मुंबईस लागून असलेल्या ट्रॉम्बे येथें आणि पालघर जिल्ह्यांतील तारापूर येथें ही राख आमच्याच प्रांतांत निर्माण होते व सांभाळली जाते. या राखेंतून एकेक पदार्थ निवडून कसा काढतात, आणि त्यांतील एका हट्टी पदार्थासाठीं रसायनवेत्ते गेलीं ऐंशी वर्षें कां झटत आहेत, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

राख हा शब्द आम्ही सोयीसाठीं वापरला इतकेंच. जळून जाणें असें येथें कांहीं घडत नाहीं. लाकूड जळून मूठभर राख उरते, पण अणुभट्टींतून बाहेर काढलेल्या इंधनाच्या कांड्या आंत घातल्या तेवढ्याच वजनाच्या असतात. साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टींतील शंभर किलो वापरलेलें इंधन घेतलें, तर त्यांत सुमारें पंचाण्णव किलो युरेनियम जसेंच्या तसें उरलेलें असतें. किलोभर प्लुटोनियम झालेलें असतें. तीनचार किलो अणुभंगाचे तुकडे असतात. त्यांत सीझियम, स्ट्रॉन्शियम, रुथेनियम आणि ‘विरल मृदा’ या नांवानें ओळखलीं जाणारीं मूलद्रव्यें येतात. राहिला किलोचा साधारण दहावा हिस्सा. नेप्च्युनियम, अमेरिसियम व क्युरियम हीं तीन मूलद्रव्यें तेवढ्यांत मावतात. आमच्या देशांतील बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या असल्यामुळें तेथें हीं प्रमाणें निराळीं असतात, परंतु पदार्थ तेच.

आतां काळाचा हिशेब पाहूं. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचें अर्धायुष्य सुमारें तीस वर्षांचें, म्हणजे दर तीस वर्षांनीं त्यांची मात्रा निम्मी होते. तीनशें वर्षें तीं सांभाळलीं कीं हजारावा हिस्सा उरतो. तीनशें वर्षें ही मुदत आमच्या समाजास अगदींच अपरिचित नाहीं. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ सालीं झाला. त्यास साडेतीनशें वर्षें लोटलीं, आणि तरीही त्या काळचे मोडी कागद वाचणारे लोक आज आपणांत आहेत. परंतु प्लुटोनियम-२३९ चें अर्धायुष्य २४,१०० वर्षें आहे. अमेरिसियमचे दोन प्रकार इंधनांत मुख्यत्वें सांपडतात : एकाचें अर्धायुष्य ४३२ वर्षें, दुसऱ्याचें ७,३७० वर्षें. एकनाथमहाराजांनीं १५९९ सालीं देह ठेवला. त्या सुमारास कोणी तोळाभर अमेरिसियम-२४१ पुरून ठेवलें असतें, तर आज त्यांतलें अर्धा तोळा अद्याप शिल्लक असतें. शास्त्रज्ञांचा हिशेब असा आहे कीं, वापरलेलें इंधन तसेंच पुरलें तर त्याचा उपद्रव खाणींतल्या युरेनियमच्या दगडाइतका सौम्य होण्यास लाखाहून अधिक वर्षें लागतात. प्लुटोनियम काढून घेतलें तर मुदत दहा हजार वर्षांच्या आसपास येते. आणि अमेरिसियम व त्याचे सोबतीही काढले, तर ती कांहीं शतकांवर येऊन ठेपते.

दहा हजार वर्षें म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून नाणेघाटाचें उदाहरण घेऊं. सातवाहन राजकुलानें केलेले यज्ञ व दिलेली दक्षिणा यांचा वृत्तान्त तेथील लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीं खोदून ठेविला आहे. खोदविणारांस वाटलें असेल कीं, आचंद्रसूर्य हें लोक वाचतील. प्रत्यक्षांत मधल्या काळांत ती लिपी वाचणारा मनुष्यच उरला नाहीं. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मीचा उलगडा केला, त्यानंतर त्या भिंती पुन्हां बोलूं लागल्या. दगडावर, उघड्या घाटांत, राजाज्ञेनें कोरलेल्या अक्षरांची ही गत! मग ‘येथें खणूं नये’ ही सूचना दहा हजार वर्षांनंतरच्या मनुष्यासाठीं कोणत्या लिपींत लिहावी? अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांतांत मिठाच्या थरांखालीं अणुकचरा पुरतात; तेथें हाच प्रश्न विद्वानांच्या मंडळांपुढें रीतसर विचारार्थ ठेवण्यांत आला होता. आमच्या मतें दहा हजार वर्षांच्या पाटीचा मजकूर शोधीत बसण्यापेक्षां मुदतच तीनशें वर्षांवर आणण्याचा खटाटोप अधिक शहाणपणाचा आहे. तो खटाटोप म्हणजेच निवडण्याची विद्या.

निवडावयाचें म्हणजे फरक पाहिजे. तांदळांतला खडा डोळ्यांस दिसतो म्हणून निवडतां येतो. कोंडा हलका म्हणून पाखडून जातो. लोणी पाण्यांत मिसळत नाहीं म्हणून ताकावर तरंगतें. जेथें रंग, आकार, वजन, स्वभाव यांपैकीं कशांतच फरक नाहीं, तेथें सूपही हतबल होतें. अशा वेळीं रसायनशास्त्र एक युक्ति करतें : दोहोंपैकीं एकाचा स्वभावच बदलून टाकतें. त्या युक्तीचें नांव ऑक्सिडीकरण.

नांवावरून ऑक्सिजनाशीं जोडणें असा अर्थ निघतो, आणि मूळचा अर्थ तोच होता. विळी गंजते, तांब्याचा बंब काळवंडतो, चिरलेलें वांगें पाण्यांत न टाकल्यास काळें पडतें, या सर्वांमागें प्राणवायूचाच हात असतो. पुढें असें कळून आलें कीं, प्राणवायु हा पुष्कळदां निमित्तमात्र. खरी घटना म्हणजे अणूपासून इलेक्ट्रॉन काढून घेणें. इलेक्ट्रॉनावर जो विद्युद्भार असतो त्यास आपण ‘ऋण’ म्हणतों. आमच्या प्राचीन गणितज्ञांनीं धन व ऋण हे शब्द संपत्ति व कर्ज यांवरूनच घेतले. तेव्हां ऑक्सिडीकरण म्हणजे अणूचें ऋण काढून घेणें, असें म्हटल्यास तें भाषेसही धरून होईल. मौज एवढीच कीं, लौकिकांत ऋण फिटलें म्हणजे मनुष्य निश्चिंत होतो. अणु मात्र फार ऋण गमावून बसला म्हणजे शेजाऱ्याचें ओढून घेण्यास टपलेला असतो. हा त्याचा स्वभाव पुढें आपणांस नडणार आहे.

एक जुनें उदाहरण देतों. पूर्वीं हिरडा व हिराकस यांची शाई करीत. हिराकशींतील लोहाचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले असतात. त्या शाईनें लिहिलेलें अक्षर ओलें असतांना फिकें दिसे. वारा लागतां लागतां त्याच लोहाचा आणखी एक इलेक्ट्रॉन जाई, आणि अक्षर काळेंभोर होऊन कागदांत असें मुरे कीं पाण्यानेंही पुसलें जाऊं नये. लोह तेंच, पण एका इलेक्ट्रॉनाच्या फरकानें त्याचा रंग बदलला, विरघळणें बदललें, कोणाशीं जमेल व कोणाशीं जमणार नाहीं हेंही बदललें.

अणुयुगाचा आरंभच या युक्तीनें झाला आहे. १९४१ च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें आर्थर वाल, ग्लेन सीबोर्ग व त्यांचे सहकारी युरेनियमपासून बनलेला एक अज्ञात पदार्थ तपाशीत होते. तो नवें मूलद्रव्य आहे कीं जुन्यांपैकींच कांहीं, हें ठरेना. शेवटीं चांदीच्या क्षारासमक्ष पर्सल्फेट हें अतिशय तीव्र द्रव्य वापरून त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतले, तेव्हां तो शेजारच्या सर्व ज्ञात मूलद्रव्यांपासून अलग झाला. तेंच प्लुटोनियम. युद्धकाळांत हॅनफर्ड येथें उभारलेल्या अवाढव्य कारखान्यांत हीच क्रिया मोठ्या मापानें केली गेली. प्लुटोनियमचे चार इलेक्ट्रॉन गेलेले असले म्हणजे तें बिस्मथ फॉस्फेटच्या साक्याबरोबर तळाशीं बसे, जशी तुरटी फिरविल्यावर पाण्यांतली माती बसते; आणखी दोन काढले कीं तेंच प्लुटोनियम साक्यास सोडून पाण्यांत राही. असें आळीपाळीनें करून मणांच्या हिशेबानें कचरा बाजूस सारून चिमूटभर धातु हातीं येई. त्या कारखान्याचा कचरा भूमिगत टाक्यांत भरला गेला. अशा १७७ टाक्या तेथें आहेत, त्यांपैकीं कांहीं गळल्या, आणि त्यांचें काय करावें याची विवंचना अमेरिकन सरकारास कित्येक दशकें पुरून उरली आहे. घाईनें निवडलें म्हणजे निवडणीचा पसारा मुळाहून मोठा होतो, याचें हें ढळढळीत उदाहरण.

पुढें याहून सुटसुटीत रीत आली. इंधन नत्राम्लांत विरघळवितात व त्यांत ट्रायब्युटिल फॉस्फेट मिसळलेलें रॉकेलसारखें तेल घुसळतात. सहा इलेक्ट्रॉन गमावलेलें युरेनियम व चार गमावलेलें प्लुटोनियम तेलांत चढतात, बाकी सारें आम्लांत राहतें. मग प्लुटोनियमला एक इलेक्ट्रॉन परत द्यावयाचा, म्हणजे त्याचें ‘क्षपण’ करावयाचें, कीं तें तेल सोडून पुन्हां पाण्यांत उतरतें. ताक आणि लोणी वेगळें करण्याचाच हा प्रकार. फक्त रवी धरणारा मनुष्य जाड भिंतीपलीकडे उभा असतो. होमी सेठना यांच्या देखरेखीखालीं ट्रॉम्बे येथें अशा तऱ्हेचा कारखाना उभा राहून १९६४ सालीं सुरू झाला; पुढें तारापूर व कल्पक्कम येथेंही झाले.

या सर्व घुसळणींत अमेरिसियम कोठें जातें? तें कोठेंच जात नाहीं. जेथें होतें तेथेंच, सीझियम व विरल मृदांच्या गर्दींत, आम्लाच्या तळाशीं बसून राहतें. येथून खरी अडचण सुरू होते.

अमेरिसियम व क्युरियम हीं दोन मूलद्रव्यें १९४४-४५ च्या सुमारास सीबोर्ग, ॲल्बर्ट गिओर्सो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शिकागो येथें शोधिलीं. तीं विरल मृदांपासून, व एकमेकांपासून, वेगळीं काढतांना ही मंडळी इतकी त्रस्त झाली कीं, त्यांनीं आपसांत एकास ‘पँडेमोनियम’ व दुसऱ्यास ‘डिलिरियम’ अशीं टोपणनांवें ठेविलीं; मराठींत ‘हलकल्लोळ’ व ‘वातभ्रम’ म्हणावें. या शोधाची वार्ता जगास कळली तीही विलक्षण रीतीनें. ११ नोव्हेंबर १९४५ रोजीं मुलांच्या एका रेडिओ-कार्यक्रमांत सीबोर्ग पाहुणे होते. एका मुलानें विचारलें, आणखी कांहीं नवीं मूलद्रव्यें सांपडलीं काय? सीबोर्ग यांनीं सरळ ‘होय’ म्हणून सांगून टाकलें. विद्वत्सभेपुढील घोषणा त्यानंतर झाली. वर्गांत प्रश्न विचारणाऱ्या मुलास ‘खालीं बैस’ म्हणणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनीं ही कथा ऐकून ठेवावी.

अडचण कशाची, तर जुळेपणाची. अमेरिसियमचे पाण्यांत तीन इलेक्ट्रॉन गेलेले असतात. विरल मृदांचेही तीनच. निओडिमियम या विरल मृदेच्या आयनाचा आकार अमेरिसियमच्या आयनाहून केंसभरही निराळा नाहीं म्हटलें तरी चालेल. बरें, तें राहूं द्यावें विरल मृदांतच, असेंही करतां येत नाहीं. अमेरिसियम नष्ट करावयाचें तर तें शीघ्र न्यूट्रॉनांच्या भट्टींत पुन्हां घालून त्याचा भंग करावा लागतो. आणि विरल मृदांपैकीं समेरियम, गॅडोलिनियम यांसारखीं कांहीं मूलद्रव्यें न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतात. शिवाय त्यांचें वजन अमेरिसियमच्या अनेक पट. तीं बरोबर गेलीं तर भट्टीच मंदावावयाची.

तेव्हां युक्ति तीच : जुळ्यांपैकीं एकाचा स्वभाव बदलावा. अमेरिसियमपासून आणखी तीन, म्हणजे एकूण सहा इलेक्ट्रॉन काढून घेतां येतात, हें १९५० च्या सुमारास अमेरिकेंत सिद्ध झालें. असें केलें कीं तो अणु दोन बाजूंस दोन ऑक्सिजन घेऊन सरळ रेषेंत उभा राहतो, खांद्यावर कावड घेतलेल्या माणसासारखा. सहा गमावलेलें युरेनियमही असेंच कावड घेऊन उभें असतें, म्हणून युरेनियमला उचलणारें तेल आतां अमेरिसियमलाही उचलूं शकतें. विरल मृदा मात्र तीन इलेक्ट्रॉन देऊन थांबतात. पुढें एकही देत नाहींत. त्यांत सेरियम तेवढें अपवाद. तें चौथा इलेक्ट्रॉन देऊन अमेरिसियमच्या मागोमाग तेलांत शिरूं पाहतें. क्युरियमही तीनांवरच अडून बसतें, त्यामुळें ‘हलकल्लोळ’ आणि ‘वातभ्रम’ यांची ताटातूट आयतीच होते.

कागदावर हें जितकें सोपें तितकें भांड्यांत नाहीं. सहा इलेक्ट्रॉन गमावलेलें अमेरिसियम म्हणजे मघां सांगितलेला, ऋण ओढण्यास टपलेला अणु. तेलाच्या रेणूकडून तें इलेक्ट्रॉन हिसकावून घेतें आणि पुन्हां मूळपदावर येतें. म्हणजे ज्या नावेंत चढावयाचें तिलाच भोंक पाडतें. दुसरी आपत्ति याहून विचित्र आहे. अमेरिसियम-२४१ मधून अहोरात्र आल्फा-कण बाहेर पडतात. ते भोंवतालच्या पाण्याचे रेणू फोडतात, आणि त्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे द्रव्यें तयार होतात. जखम धुण्यासाठीं घरांत ठेवतात तेंच हें द्रव्य. एरव्हीं तें दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन घेणारें म्हणून प्रसिद्ध. पण येथें त्याहून प्रबळ भेटल्यामुळें तेंच इलेक्ट्रॉन देऊन बसतें. थोडक्यांत, अमेरिसियम आपल्याच किरणांनीं आपलें रूपांतर मोडून टाकतें. तासागणिक कांहीं टक्के असें परत फिरतात. रसायनवेत्त्यास शास्त्र ठाऊक असून भागत नाहीं, त्याला मुहूर्त साधावा लागतो.

ऑक्सिडीकारक द्रव्यांचेंही असेंच आहे. पर्सल्फेट सौम्य आम्लांतच काम करतें, आणि इंधनाचें द्रावण तर तीव्र आम्ल. शिवाय गंधकाचे क्षार मागें उरतात, ते पुढें कांच ओततांना नकोसे होतात. आयडाहो येथील अमेरिकन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत सोडियम बिस्मथेट वापरून पाहिलें. तें तीव्र नत्राम्लांतही चालतें, आणि २००८ सालीं तेथील संशोधकांनीं अशा रीतीनें पालटलेलें अमेरिसियम ट्रायब्युटिल फॉस्फेटमध्यें चढतें असें दाखविलें. परंतु बिस्मथेट हळूहळू विरघळणारी पूड आहे, आणि दूरनियंत्रित यंत्रांत पूड म्हणजे नळ्या तुंबण्याचें भय. २०१५ सालीं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मंडळींनीं द्रव्याचा नादच सोडून विजेच्या अग्रावरच इलेक्ट्रॉन काढण्याची रीत प्रसिद्ध केली. हिच्यांत भांड्यांत बाहेरचें कांहीं टाकावें लागत नाहीं, म्हणून कचऱ्यांत कचरा वाढत नाहीं. हा गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो.

सर्वांत चतुर तोड २०२३ सालीं चीनमधील संशोधकांनीं प्रसिद्ध केली. टंगस्टन व ऑक्सिजन यांच्या अणूंचे लहान पिंजरे असतात, त्यांत बरोबर कावडधारी अणु मावेल अशी खांच असते. अमेरिसियमचें ऑक्सिडीकरण करून त्यास या पिंजऱ्यांत बसविलें. तेथें तें लवकर परत फिरत नाहीं. विरल मृदा बाहेर मोकळ्याच राहिल्या. मग सारें द्रावण अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळलें : मोकळे लहान आयन गळून गेले, पिंजरे वर राहिले. तेल नाहीं, घुसळणें नाहीं. इतक्या वर्षांच्या पांडित्यानंतर शास्त्रज्ञ शेवटीं स्वयंपाकघरांतल्या चाळणीवर आले! अर्थात् हें सर्व अद्याप प्रयोगशाळेच्या मापांत आहे. कारखान्याचें माप निराळें.

येथें एक गैरसमज होऊं देऊं नये. ऑक्सिडीकरणानें किरणोत्सर्ग कमी होत नाहीं. इलेक्ट्रॉनांची देवघेव अणूच्या अंगणांत चालते. किरण निघतात ते गाभाऱ्यांतून, आणि तेथें कोणत्याही आम्लाचा प्रवेश नाहीं. निवडून काढलेलें अमेरिसियम शेवटीं भट्टींतच भंगावें लागणार, आणि तेंही एका फेरींत भंगत नाहीं. शिवाय अणुभंगाच्या तुकड्यांतही दोन चिरंजीव आहेत : टेक्नेशियम-९९, अर्धायुष्य दोन लाखांहून अधिक वर्षें, आणि आयोडिन-१२९, दीड कोटीहून अधिक. त्यांचे किरण मंद आहेत, पण पाण्याबरोबर वाहण्याची त्यांस खोड आहे. ऑक्सिडीकरण झालेलें टेक्नेशियम भूजलांत सहज विरघळून प्रवास करतें. क्षपण झालेलें जागच्या जागीं बसतें. म्हणून कारखान्यांत जें ऑक्सिडीकरण आमचें मित्र, तेंच पुरलेल्या कचऱ्याचें शत्रु. आणि खोल दफनासाठीं प्राणवायु पोंचत नाहीं असे खडक शोधावे लागतात. कोणी ‘तीनशें वर्षांत सर्व निर्धोक’ असें सांगूं लागला तर हीं दोन नांवें त्याच्यापुढें ठेवावीं.

आमच्या देशांत प्लुटोनियम काढून उरलेलें तीव्र द्रावण बोरोसिलिकेट कांचेंत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात, आणि तारापूर येथें हे डबे वाहत्या हवेनें थंड ठेवण्याची कोठी आहे. अमेरिसियम व त्याचे सोबती वेगळे काढण्याचा एक प्रात्यक्षिक प्रकल्पही तारापुरास उभारला आहे. तेथील रीत मात्र ऑक्सिडीकरणाची नसून, जुळ्यांतला लहानसा भेद ओळखणाऱ्या विशेष सेंद्रिय द्रावकांची आहे. या कचऱ्यांतून कांहीं चीज उपयोगासही येते. ट्रॉम्बे येथील शास्त्रज्ञांनीं त्यांतून काढलेल्या रुथेनियम-१०६ च्या चकत्या डोळ्यांतील अर्बुदावर उपचारासाठीं केल्या आहेत, आणि सीझियमच्या कांचेच्या कांड्या रक्तपेढ्यांतील रक्तावर किरण सोडण्यासाठीं वापरतात. खुद्द अमेरिसियमही पुष्कळ ठिकाणीं घराच्या छतास टांगलेल्या धुराच्या सूचकांत, ग्रॅमच्या दशलक्षांशाहूनही कमी मात्रेनें, बसविलेलें असतें.

एक गोष्ट मात्र वाट पाहणाऱ्यांच्या विरुद्ध आहे. वापरलेल्या इंधनांत प्लुटोनियम-२४१ म्हणून एक प्रकार असतो; त्याचें अर्धायुष्य अवघें चौदा वर्षें, आणि तें झिजतें तें अमेरिसियम-२४१ होऊन. म्हणजे इंधन जितकें जुनें, तितकें त्यांतलें अमेरिसियम वाढतें. मुद्दल मोजीत बसावें तों व्याज चढत जावें, तसें. तलावांत थंड होत पडलेल्या प्रत्येक कांडींत हें रूपांतर या क्षणींही चालूं आहे. आणि द्रावण एकदां कांचेंत ओतलें, कीं त्यांतून अमेरिसियम परत काढण्याची व्यवहार्य रीत आज नाहीं. निवडावयाचें तर कांच ओतण्यापूर्वींच निवडलें पाहिजे.